शांघाय सहकार्य संघटनेचं घोषणापत्र कसं वाचावं: मोठ्या देशांची कुरघोडी आणि सहकार्य ओळखण्याची एक पद्धत

जून २०२५ मध्ये चीनमधल्या किंगदाओला शांघाय सहकार्य संघटनेच्या, म्हणजे चीन, रशिया, भारत, पाकिस्तान धरून दहा देशांच्या संघटनेच्या, संरक्षणमंत्र्यांची बैठक झाली. संयुक्त निवेदनाच्या मसुद्यात पहलगामचा उल्लेख नव्हता, म्हणून राजनाथ सिंह यांनी सही करायला नकार दिला आणि बैठक निवेदनाविनाच आटोपली. दोन महिन्यांनी, १ सप्टेंबरला, त्याच देशांच्या प्रमुखांनी तियानजिनमध्ये घोषणापत्र काढलं आणि त्यात पहलगामच्या हल्ल्याचा निषेध होता. २२ एप्रिलच्या त्या हल्ल्यात २६ माणसं मारली गेली. त्यांत डोंबिवलीचे तिघे होते, पनवेलचे एक होते. ठाणे-पनवेल पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला तो परिच्छेद लांबच्या देशातली बातमी म्हणून वाचता येत नाही.

मग या दोन महिन्यांत नेमकं काय हललं? चीन नमला, भारत जिंकला, की दोघांनीही काहीतरी देऊन काहीतरी घेतलं? वाहिन्यांवरच्या चर्चेतून याचं उत्तर मिळत नाही. ते कागदात सापडतं, पण कागद वाचायची पद्धत माहीत हवी. नौपाड्यातल्या आमच्या अभ्यासिकेत यूपीएससी-एमपीएससीची मुलं आणि काही निवृत्त मंडळी मिळून आम्ही ज्या पद्धतीने वाचतो, ती इथे सविस्तर देतो आहे. एकट्याने करता येते, चारजण असले तर जास्त चांगली होते.

लागणारं साहित्य थोडं आहे. संघटनेची सनद आणि शिखर परिषदेची निदान दोन वेगवेगळ्या वर्षांची घोषणापत्रं घ्या. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ती इंग्रजीत मिळतात. स्टेशनजवळच्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्या, एकाच बाजूला आणि रुंद समास सोडून. मोबाइलवर वाचू नका. दोन वर्षांचे परिच्छेद शेजारी ठेवायचे आहेत आणि ते छोट्या पडद्यावर जमत नाही. मध्य आशियाचा मोठा नकाशा हवा. दोन रंगांच्या पेन्सिली हव्यात.

आधी सनद, मग बातम्या

संघटना कशासाठी जन्मली हे ठाऊक नसलं तर ती काय करत नाही यावरच माणूस चिडत बसतो. शांघाय संघटनेचं मूळ सीमाप्रश्नात आहे. सोव्हिएत संघ फुटला आणि त्याच्याशी असलेल्या चीनच्या जुन्या सीमेवर एका शेजाऱ्याच्या जागी चार आले: रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान. २६ एप्रिल १९९६ रोजी या पाच देशांनी शांघायमध्ये सीमाभागात लष्करी विश्वास वाढवण्याचा करार केला. सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात काय लष्करी हालचाल चालली आहे ते एकमेकांना कळवायचं, हे त्यातलं मुख्य कलम. पुढच्याच वर्षी मॉस्कोत सीमेवरचं सैन्य कमी करण्याचा करार झाला. १५ जून २००१ ला उझबेकिस्तान सामील झाला आणि संघटना रीतसर स्थापन झाली. ७ जून २००२ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये सनदेवर सह्या झाल्या. सचिवालय बीजिंगला, दहशतवादविरोधी केंद्र ताश्कंदला.

‘ही संघटना म्हणजे नुसत्या गप्पा’ असं म्हणणाऱ्यांना मी या पट्ट्याचा नकाशा दाखवतो. जिथे १९६९ मध्ये चिनी आणि सोव्हिएत सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते, त्या सीमेचे वाद एकेक करून करारांनी मिटले. त्यात लहान देशाला झळ बसली नाही असं मात्र नाही. ताजिकिस्तानने पामीरमधला सुमारे १,००० चौरस किलोमीटर भूभाग २०११ मध्ये चीनकडे सोपवला. सहकार्याचाही हिशोब असतो आणि तो बहुतेक वेळा धाकट्याच्या नावावर मांडला जातो, हे पहिल्याच पायरीला टिपून ठेवा.

प्रत्येक देशासाठी एक कोरं पान

आज सदस्य दहा आहेत. मूळचे सहा, २०१७ पासून भारत आणि पाकिस्तान, २०२३ पासून इराण, २०२४ पासून बेलारूस. प्रत्येकाच्या नावाने एक पान करा आणि वर एकच प्रश्न लिहा: हा इथे का आहे?

चीनला आपला पश्चिमेकडचा शिनजियांग प्रांत शांत हवा आहे आणि पश्चिमेकडे माल नेणारे रस्ते हवे आहेत. दहशतवाद, फुटीरतावाद आणि अतिरेकी विचार हे तीन शत्रू संघटनेने पहिल्याच दिवशी, २००१ च्या शांघाय करारात नोंदवले, त्यामागे बीजिंगची ही निकड होती. रशियाला आपल्या जुन्या अंगणातलं वजन टिकवायचं आहे आणि पाश्चिमात्यांसमोर आपण एकटे नाही हे दाखवायचं आहे. भारताला मध्य आशियाशी थेट रस्ता नाही, म्हणून तिथल्या पाचपैकी चार देशांबरोबर एकाच टेबलावर बसायची ही जागा मोलाची. शिवाय आपण नसताना आपल्याविषयी ठराव होऊ नये हेही आहेच.

मुलं कझाकस्तान आणि उझबेकिस्तानची पानं बहुधा कोरीच ठेवतात. तिथेच जास्त वेळ घालवा. २००५ च्या अस्ताना घोषणापत्रात संघटनेने अमेरिकी आघाडीला मध्य आशियातले लष्करी तळ कधी सोडणार याची मुदत जाहीर करायला सांगितलं. मे महिन्यात आपल्या अंदिजान शहरात निदर्शकांवर झालेल्या सरकारी गोळीबारावरून अमेरिकेने टीका केल्यामुळे उझबेकिस्तान आधीच दुखावलेला होता. त्याने अमेरिकेला नोटीस दिली आणि नोव्हेंबरपर्यंत तिचा कर्शी-खानाबादचा तळ रिकामा झाला. किर्गिझस्ताननेही त्याच कागदावर सही केली होती, पण त्याने आपल्याकडचा अमेरिकेचा मनासचा तळ ठेवला, भाडं वाढवून घेतलं आणि तो २०१४ मध्ये बंद झाला. कागद एक, सही सगळ्यांची, आणि प्रत्येक राजधानीने त्यातून आपापलं काम काढून घेतलं. मोठ्यांच्या चढाओढीत लहान देश प्यादी असतात हे वाक्य परीक्षेच्या उत्तरात लिहिण्याआधी हे उदाहरण आठवा.

नकाराचा अधिकार कोणाकडे आहे ते शोधा

सनदेच्या सोळाव्या कलमानुसार निर्णय मतदानाशिवाय, एकमताने होतात. कोणी हरकत घेतली नाही तर ठराव मंजूर. ठाण्यात सोसायटीच्या पुनर्विकासाला बहुमत मिळालं की एक-दोघे नाराज असले तरी गाडं पुढे सरकतं. इथे एकाने नकारार्थी मान हलवली की सगळं थांबतं, मग तो एक चीन असो वा ताजिकिस्तान.

याचा कस २००८ मध्ये लागला. ऑगस्टमध्ये रशिया-जॉर्जिया युद्ध झालं, २६ तारखेला रशियाने जॉर्जियातून फुटलेल्या अबखाझिया आणि दक्षिण ओसेतियाला स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली आणि दोनच दिवसांनी ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बेत शिखर परिषद भरली. रशियाच्या पाठोपाठ एकाही सदस्याने मान्यता दिली नाही. फुटून निघालेल्या प्रदेशाला मान्यता दिली तर उद्या तिबेट-शिनजियांगबद्दल काय बोलायचं, हा चीनचा पेच होता, आणि मध्य आशियाई देशांना आपल्याकडच्या रशियन वस्तीची काळजी होती. घोषणापत्रात प्रादेशिक अखंडतेचा आदर आला आणि त्याच कागदात त्या भागात शांततेसाठी रशिया बजावत असलेल्या भूमिकेला पाठिंबाही आला. रशियाचा मान राखला, मागणी मात्र बाजूला ठेवली. एकमताच्या नियमाने मोठ्या देशाला इतक्या सौम्यपणे अडवल्याचं दुसरं इतकं स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

घोषणापत्र तीन वेळा वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पहिल्या वाचनात फक्त प्रत्येक परिच्छेदाचा कर्ता पाहा. ‘सदस्य देश’ असा कर्ता असेल तर एका रंगाने खूण करा, म्हणजे तिथे सगळ्यांचं जमलं आहे. कर्त्याच्या जागी देशांची नावं एकापुढे एक लिहिली असतील तर दुसऱ्या रंगाने खूण करा आणि ती नावं मोजा. चीनच्या ‘बेल्ट अँड रोड’ योजनेचा परिच्छेद काढा. २०१८ च्या किंगदाओ घोषणापत्रात तिला पाठिंबा देणाऱ्यांत कझाकस्तान, किर्गिझस्तान, पाकिस्तान, रशिया, ताजिकिस्तान, उझबेकिस्तान आहेत. भारत नाही. २०२३ मध्ये परिषद भारताच्या अध्यक्षतेखाली झाली, तरी तेच. २०२५ च्या तियानजिनच्या यादीत इराण आणि बेलारूसही आहेत, भारत तेव्हाही नाही. कारण उघड आहे: या योजनेतला चीन-पाकिस्तान मार्ग गिलगिट-बाल्टिस्तानातून, म्हणजे भारत आपला मानतो त्या भूभागातून जातो. ही नावं वर्षावार एकाखाली एक लिहून काढायला सांगितलं की मुलं आपोआप गप्प होतात. भारताची अनेक वर्षांची भूमिका एका गाळलेल्या नावात उभी असते आणि तरीही सगळ्या कागदाखाली भारताची सही असते. नाव वगळून यादी देण्याची ही सोय नसती तर दरवर्षी एकतर परिषद मोडली असती किंवा भारताला मान तुकवावी लागली असती.

दुसऱ्या वाचनात जोड्या शोधा. तियानजिनच्या घोषणापत्रात पहलगामचा निषेध आहे, आणि त्याच्या सोबतच बलुचिस्तानातल्या जाफर एक्स्प्रेसवरच्या आणि खुझदारच्या हल्ल्यांचाही निषेध आहे. एक परिच्छेद भारताला हवा होता, दुसरा पाकिस्तानला. दोन्ही आले म्हणून दोन्ही आले. पाकिस्तानचं नाव घेऊन त्याच्यावर ठपका ठेवलेला नाही. हा भारताचा विजय म्हणायचा का? माझं मत असं की कमाई खरी आहे, पण ती नोंदीची आहे, न्यायाची नाही. जूनमध्ये किंगदाओच्या बैठकीत नोंदसुद्धा मिळत नव्हती आणि सही रोखल्यामुळे ती मिळण्याची वाट मोकळी झाली, एवढं मात्र ठामपणे म्हणता येतं.

अशीच दुसरी जोडी इराणची आहे. १४ जून २०२५ ला संघटनेने इस्रायलच्या हल्ल्यांचा निषेध करणारं निवेदन काढलं तेव्हा त्या चर्चेत आपण सहभागी नव्हतो असं भारताने जाहीर केलं. तियानजिनच्या घोषणापत्रात इराणवरच्या इस्रायल आणि अमेरिकेच्या हल्ल्यांचा निषेध आहे, आणि त्यावर भारताची सही आहे. या दोन तारखा शेजारी मांडा. पडद्याआड कोणी काय देऊन काय घेतलं याचे तर्क उत्तरात लिहू नका. भूमिका बदलली हे दाखवा, तेवढं पुरेसं वजनदार आहे.

तिसऱ्या वाचनात काय नाही ते पाहा. त्या वर्षी जगातलं सर्वांत मोठं जमिनीवरचं युद्ध युक्रेनमध्ये चालू होतं आणि त्यातला मुख्य देश या टेबलावर बसलेला होता. तियानजिनच्या घोषणापत्रात युक्रेनचा शब्दही नाही. रशियाला निषेध नको होता, इतरांना समर्थन नको होतं, मग मौनावर एकमत झालं.

पैशाचा माग काढा

राजकीय परिच्छेदांत सगळे गोड बोलतात. खरी रस्सीखेच बँका आणि रुळांवरून चालते. संघटनेची विकास बँक असावी हा चीनचा प्रस्ताव २०१० चा. रशिया वर्षानुवर्षं राजी नव्हता. चीनच्या भांडवलावर उभी राहिलेली बँक मध्य आशियात आली की आपलं वजन घटणार, हे मॉस्कोला कळत होतं. कझाकस्तानसोबत २००६ मध्ये काढलेली युरेशियन विकास बँक रशियाच्या हाताशी होतीच. युक्रेन युद्धानंतर पाश्चिमात्य बँकांची दारं बंद झाली तसा हा विरोध मावळला, आणि तियानजिनमध्ये बँक स्थापन करण्याचा राजकीय निर्णय झाला. त्याच परिषदेत शी जिनपिंग यांनी त्या वर्षात २ अब्ज युआनचं अनुदान आणि पुढच्या तीन वर्षांत सदस्य देशांच्या बँकांना १० अब्ज युआनची कर्जं जाहीर केली.

चीन-किर्गिझस्तान-उझबेकिस्तान रेल्वेचीही हीच गत. दोन दशकांहून जास्त काळ ती कागदावर राहिली. रशियाला वळसा घालून जाणारा रूळ रशियाला नको होता. २०२२ नंतर रशियाची हरकत उरली नाही, जून २०२४ मध्ये तीन देशांचा करार झाला आणि डिसेंबरात काम सुरू झाल्याचा सोहळाही पार पडला. या दोन गोष्टींसाठी तुमच्या वहीत एक तक्ता करा: प्रस्ताव कधी, अडवला कोणी, अडथळा कधी सुटला, त्या वेळी अडवणाऱ्यावर बाहेरून कोणता दबाव होता. चौथा रकाना भरला की उत्तर हाती येतं.

बाजूच्या भेटी आणि शेजारच्या संघटना

परिषदेच्या बाजूला होणाऱ्या भेटींची वेगळी नोंद ठेवा. गलवाननंतर सप्टेंबर २०२० मध्ये भारत आणि चीनचे संरक्षणमंत्री भेटले ते मॉस्कोत, आणि सहाच दिवसांनी दोन्ही देशांचे परराष्ट्रमंत्री जयशंकर आणि वांग यी यांनी पाच मुद्द्यांवर सहमती जाहीर केली तीही मॉस्कोत. दोन्ही भेटी याच संघटनेच्या बैठकांच्या निमित्ताने झाल्या. तेव्हा दोघांपैकी एकाने दुसऱ्याच्या राजधानीत जाणं कल्पनेपलीकडचं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये जयशंकर इस्लामाबादला गेले तेही संघटनेच्या बैठकीसाठी. ही सोय एरवी कुठे मिळाली असती?

मर्यादाही तितक्याच स्पष्ट लिहा. सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंदला परिषद भरलेली असतानाच किर्गिझ-ताजिक सीमेवर लढाई पेटली होती आणि दोन्ही देशांचे अध्यक्ष समरकंदमध्येच होते. संघटनेने ती थांबवली नाही. पुढे मार्च २०२५ मध्ये त्या दोघांनी सीमाकरार केला तो आपसात बोलून. जानेवारी २०२२ मध्ये कझाकस्तानात दंगली झाल्या तेव्हा सैन्य गेलं ते रशियाच्या नेतृत्वाखालच्या सामूहिक सुरक्षा करार संघटनेचं. म्हणून एका संघटनेचा अभ्यास करताना त्याच भूभागातल्या इतर संघटनांची यादी समोर ठेवायची: ही सुरक्षा संघटना, युरेशियन आर्थिक संघ, चीनने सुरू केलेली चीन-मध्य आशिया शिखर परिषद, अमेरिकेची मध्य आशियातल्या पाच देशांसोबतची चर्चा. कोणत्या कामाला कोण कुठे जातं ते पाहा.

इतर प्रदेशांशी पडताळा थोडक्यात करता येतो. आग्नेय आशियाई देशांच्या आसियान संघटनेत २०१२ ला नॉम पेन्हच्या परराष्ट्रमंत्री बैठकीत दक्षिण चीन समुद्रावरून ४५ वर्षांत पहिल्यांदा संयुक्त निवेदन निघालं नाही, कारण यजमान कंबोडिया चीनला दुखवायला तयार नव्हता. सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४ ला काठमांडूत झाली. तिथेही एकमताचाच नियम आहे, पण नावं वगळून पुढे जाण्याची सवय रुजली नाही आणि बाहेरून तोल सांभाळणारं कोणी नाही. या फरकावर स्वतंत्र टिपण लिहून बघा, त्यातून पुष्कळ काही कळतं.

न्हावा-शेव्यापर्यंत आणा

विषय आपल्या आसपास कुठे टेकतो ते शोधल्याशिवाय अभ्यास पक्का होत नाही. नवी मुंबईच्या मुलांना यासाठी लांब जावं लागत नाही. इराणमधल्या चाबहार बंदरासाठी भारताने जी कंपनी उभी केली, ती जेएनपीटी, म्हणजे न्हावा-शेव्याचं बंदर, आणि कांडला बंदराने मिळून काढली होती. रशियातून अस्त्राखान, कॅस्पियन समुद्र, इराणचं बंदर अब्बास आणि तिथून न्हावा-शेवा, असा मालाचा प्रायोगिक प्रवास २०२२ मध्ये झाला. हाच तो उत्तर-दक्षिण मार्ग. पाकिस्तान आणि ‘बेल्ट अँड रोड’ दोघांना टाळून मध्य आशियात पोचण्याचा भारताचा हा पर्याय, म्हणजे ‘बेल्ट अँड रोड’च्या यादीत भारताचं नाव नसतं, त्या भूमिकेचंच हे दुसरं टोक.

मे २०२४ मध्ये चाबहारसाठी दहा वर्षांचा करार झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने निर्बंधांतली सवलत काढून घेतली, ऑक्टोबरअखेर सहा महिन्यांसाठी पुन्हा दिली. संघटनेत नसलेली महासत्ता संघटनेतल्या दोन सदस्यांच्या कामाची मुदत ठरवत होती. उरण रस्त्यावरच्या कंटेनरच्या रांगा रोज पाहणाऱ्या मुलाला हे एकदा सांगितलं की पुन्हा समजावावं लागत नाही.

टिपण लिहिताना

शेवटी एका पानाचं टिपण लिहा. ‘चीन-रशिया गट’ असं एका दमात लिहू नका. बँकेचा तक्ता डोळ्यांसमोर ठेवा. प्रत्येक विधानासोबत घोषणापत्राचं वर्ष द्या. दोन देश एका परिच्छेदात एकत्र आणि दुसऱ्यात वेगळे असतील तर दोन्ही परिच्छेद सांगा. गटात काम करत असाल तर एकाने चीन, एकाने रशिया, एकाने भारत, एकाने उझबेकिस्तान व्हायचं, आणि पहलगामचा परिच्छेद सगळ्यांना मान्य होईल असा लिहून दाखवायचा. पाऊण तास द्या. जमला नाही तर कोणाच्या नकाराने अडला ते फळ्यावर लिहा.

तियानजिननंतर, २०२५-२६ साठी, अध्यक्षपद किर्गिझस्तानकडे गेलं. बिश्केकच्या परिषदेचं घोषणापत्र हाती आलं की बातम्या उघडण्याआधी तीन परिच्छेद काढा: दहशतवादाचा, ‘बेल्ट अँड रोड’चा आणि विकास बँकेचा. तियानजिनचे तेच परिच्छेद शेजारी ठेवा आणि कर्त्यांवर खुणा करायला लागा.